चंदेरी ल्युकोफायलम हिरवं पडतंय, गळतंय, वाळतंय? पाणी घालण्याआधी हे तपासा

ऑगस्ट लागला की दरवर्षी माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. फोटोतलं झुडूप एकच. नर्सरीत त्याला कुणी ‘सिल्व्हर’ म्हणतं, कुणी ल्युकोफायलम, कुणी टेक्सास सेज. एप्रिलमध्ये वर्ख लावल्यासारखं चमकत होतं, आता निम्मं पिवळं आणि निम्मं उघडं. सोबतचा प्रश्नही ठरलेला: “ताई, पाणी तर रोज घालतोय, तरी का वाळतंय?” दहातल्या सात-आठ जणांना मला हेच सांगावं लागतं, की त्यातला ‘तरी’ काढा आणि ‘म्हणून’ घाला.

पुण्यात आणि आसपास मी चौदा वर्षं बागा सांभाळते आहे. बंगल्यांच्या, सोसायट्यांच्या, गच्चीवरच्या. या एका झुडपाची तक्रार मी जितक्या वेळा सोडवली, तितकी दुसऱ्या कुठल्याच झाडाची नाही. दुखणं बहुतेक वेळा पाण्याचंच निघतं, पण प्रत्येक वेळी नाही. म्हणून खालचा क्रम मी ठरवून घेतला आहे: आधी फुकटातल्या, पाच मिनिटांच्या गोष्टी, मग थोड्या कष्टाच्या, आणि अगदी शेवटी झाड उपटून बघण्याची. कृपा करून मधल्या पायऱ्या गाळू नका. मुळं उघडी करून बघितल्यावर कारण वरचं पाणी होतं असं कळलं, तर विनाकारण झाडाला शस्त्रक्रिया झालेली असते.

लक्षणं

चंदेरी रंग जाऊन पान हिरवट व्हायला लागतं. फांद्या लांबोळ्या, विरळ होतात आणि झुडूप मधून मोकळं दिसतं. झाड मरत नसतं, पण देखणं राहत नाही. हा पहिला प्रकार.

दुसऱ्यात खालची आणि आतली पानं आधी पिवळी पडून गळतात, शेंड्याकडची टिकतात. झुडूप हलवलं की आतून पिवळ्या पानांचा सडा पडतो.

तिसरा सगळ्यात फसवा. माती ओली आहे आणि तरी शेंडे माना टाकतात. पान चंदेरी राहत नाही, राखेसारखं करडं होतं आणि बोटात धरलं की चुरचुरतं. आज एक फांदी वाळते, आठवड्याने तिच्या शेजारची. पाहणाऱ्याला वाटतं तहान लागली आहे, आणि तो आणखी एक बादली ओततो.

चौथी तक्रार फुलांची. पावसाळा लागून महिना झाला तरी एकही जांभळं फूल नाही.

पाचवं लक्षण नीट न बघितलं तर सुटतं. फांदीच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके आणि बुंध्यावरून मुंग्यांची रांग. हा मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. एरवी हिरव्या झाडावर तो लांबून दिसतो. इथे पान मुळातच पांढरट, त्यामुळे तो महिनाभर लपून राहतो.

हे झुडूप मुळात कुठलं

हे दोन ओळींत सांगते, कारण पुढची प्रत्येक तपासणी यावर उभी आहे. ल्युकोफायलम फ्रुटेसेन्स हे अमेरिकेतल्या टेक्सासचं आणि उत्तर मेक्सिकोतल्या कोरड्या, चुनखडीच्या माळांचं झुडूप. टेक्सासने २००५ मध्ये त्याला राज्याचं देशी झुडूप म्हणून मान दिला. तिथे त्याला सेनिझो म्हणतात, म्हणजे राखेच्या रंगाचं. नावात सेज असलं तरी स्वयंपाकातल्या सेजशी त्याचं नातं नाही.

चंदेरी रंग हा पानाचा रंगच नाही. पान आतून हिरवंच असतं, त्याच्यावर बारीक पांढऱ्या केसांची दाट लव असते. ही लव ऊन परतवते आणि पानातलं पाणी उडू देत नाही. म्हणजे ती झाडाची उन्हातली छत्री आहे. ऊन कमी आणि पाणी जास्त मिळालं की नव्या पानांवर लव कमी येते आणि खालचा हिरवा रंग वर दिसायला लागतो. माझ्यासाठी हा चंदेरी रंग म्हणजे झाडावर बसवलेला मीटर आहे. शेंड्याजवळचं ताजं पान आणि आतलं जुनं पान तोडून तळहातावर शेजारी ठेवा. नवं पान जुन्यापेक्षा हिरवं असेल, तर गेल्या काही आठवड्यांत काहीतरी बदललं आहे. काय बदललं, तेच आता शोधायचं.

पहिली तपासणी : झाड तेच आहे ना?

हसू नका, ही चूक मी अनेकदा पाहिली आहे. ‘सिल्व्हर’ या नावाखाली नर्सरीत डस्टी मिलरही मिळतो. त्याची पानं मऊ, मखमली आणि नक्षीदार कातरलेली असतात. आपल्याकडे तो हिवाळ्यातला पाहुणा. एप्रिल-मेच्या उन्हात किंवा पहिल्या पावसात तो गेला तर तुमचं काही चुकलेलं नाही, दिवाळीनंतर नवीन लावा. ल्युकोफायलमचं पान लहान, अंगठ्याच्या नखाएवढं, कडा अखंड, आणि फांदी काष्ठाची असते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ल्युकोफायलममध्येच ‘ग्रीन क्लाउड’ नावाची जात आहे, ती मुळातच हिरवट असते. तिला चंदेरी करण्याच्या नादात पाणी तोडून एका काकांनी छान झाड कोरडं मारलं होतं.

दुसरी : माती आतून किती ओली आहे?

पाणी घालणं आज थांबवा. मग बांबूची पातळ काडी किंवा लांब स्क्रू-ड्रायव्हर बुंध्यापासून वीतभर लांब, सहा इंच खोल खुपसा. दहा मिनिटांनी काढून बघा. काडीला गारा चिकटून आला, तर माती पाण्याने भरलेली आहे. ओलसर कण चिकटले आणि बोटाने सहज झटकले गेले, तर वाफसा आहे. काडी आत जातच नसेल किंवा कोरडी धूळ घेऊन आली, तर खरंच तहान आहे.

वाफसा हा शब्द शेतकऱ्याच्या घरात लहानपणापासून कानावर असतो. शहरातल्या बागेत तो हरवला आहे. मातीच्या कणांमधल्या पोकळीत ओलही आणि हवाही, अशी स्थिती म्हणजे वाफसा. मुळाला पाणी पिण्यासाठीसुद्धा श्वास लागतो. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मूळ गुदमरतं, पाणी उचलणं थांबवतं, आणि पाण्यात उभं असलेलं झाड तहानेने मान टाकतं. तिसऱ्या लक्षणाचं हे कारण. म्हणून नुसत्या पानांकडे बघून पाणी द्यायचं नाही. आधी काडी, मग पाइप.

माझा पाण्याचा हिशेब असा आहे. जमिनीत रुजून वर्ष झालेल्या झुडपाला पावसाळ्यात थेंबही नाही, हिवाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा, उन्हाळ्यात आठवड्याला एकदा, पण भरपूर. कुंडीला ठराविक वार नाही, काडी सांगेल तेव्हा. नव्या लावणीला पहिले दोन-तीन महिने लवकर लवकर पाणी लागतं, तेही काडी बघूनच.

तिसरी : ऊन मोजा, अंदाज बांधू नका

या झुडपाला सहा तास थेट ऊन हवं, जास्त मिळालं तर उत्तमच. लोक सांगतात “भरपूर उजेड आहे”. उजेड वेगळा, ऊन वेगळं. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर तासाला झाडाचा एक फोटो काढा. ज्या फोटोत पानाची रेखीव सावली पडलेली दिसते, तेवढेच तास धरा.

इथे पुण्या-मुंबईकडच्या दक्षिणमुखी बाल्कन्यांची एक खास गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला स्वतःला कळायला चार वर्षं लागली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे अशा बाल्कनीत ऊन थेट आतपर्यंत येतं आणि झुडूप डिसेंबरात झळकतं. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो. त्यानंतर जुलै संपत येईपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे वरच्या स्लॅबच्या मागे. ऐन जूनमध्ये बाल्कनीत दुपारचं ऊनच पोचत नाही, आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरतं, हवा दमट होते, माती सुकत नाही. त्यात रोजचा एक तांब्या चालूच. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच कुंडीत, तोच त्रास होत असेल तर कीड शोधण्याआधी ही दिशा तपासा. उपाय फुकटचा आहे: मेच्या मध्याला कुंडी गच्चीत किंवा पूर्व-पश्चिमेच्या मोकळ्या जागी हलवा, ऑक्टोबरात परत आणा.

चौथी : बुंध्याशी काय साचलंय?

जमिनीलगतचा बुंधा उघडा दिसतो का ते बघा. माळीदादा प्रेमाने दर महिन्याला माती चढवतात, कुणी नारळाची सोडणं पसरतं, कुणी किचनमधलं कंपोस्ट बुंध्यापाशी ओततं. त्याने साल कायम ओली राहते आणि कुजते. हाताने सगळं बाजूला सारा, बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. पसरायचंच असेल तर बारीक खडी किंवा मुरूम पसरा, पालापाचोळा नको.

तिथेच बसल्याबसल्या नखाने साल किंचित खरवडा. आत ओला हिरवा रंग दिसला, तर ती फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं, तर ती गेली. शेंड्याकडून सुरू करून खाली खाली खरवडत या. कुठपर्यंत जीव आहे ते कळतं, आणि पुढची छाटणी कुठे करायची तेही. बुंध्याला चहूबाजूंनी तपकिरी दिसलं तर इथेच थांबा. ते झाड परत येत नाही. तुमचा वेळ आता शेजारच्या झाडांना द्या.

पाचवी : कुंडीचं भोक

कुंडी कलती करून खालून बघा. भोक मुळांनी किंवा मातीने बंद झालेलं असतं, किंवा कुंडी फरशीवर इतकी सपाट बसलेली असते की भोकाला तोंडच उरत नाही. जाड तारेने भोक मोकळं करा आणि कुंडीखाली विटेचे तीन तुकडे ठेवा. खालची ताटली पावसाळ्यात काढून टाका. एवढ्यानेच बरी झालेली झाडं मी मोजलेली नाहीत, पण ती खूप आहेत.

भोकावर खापरीचा एक तुकडा पालथा ठेवणं ठीक. मात्र तळाला चार इंच खडी भरली की निचरा होतो, हा समज सोडून द्या. बारीक मातीतून पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण तुडुंब भरल्यावरच ते खाली झिरपतं. म्हणजे खडी घालून आपण ओला थर तळाकडून उचलून मुळांच्या जवळ आणतो. निचरा सगळ्या मातीचा सुधारायला हवा, तळाचा नाही.

सहावी : पाणी आणखी कुठून येतंय?

बाणेरकडच्या एका सोसायटीत गेटपासून क्लबहाऊसपर्यंत दोन्ही बाजूंना ल्युकोफायलमची कुंपणं होती. डावीकडचं चांदीसारखं, उजवीकडचं दर पावसाळ्यानंतर दोन-चार झाडांनी कमी होणारं. तीन वर्षं नवी झाडं भरत होते. माती एकच, ऊन एकच, माळी एकच. शेवटी एका पहाटे साडेपाचला जाऊन उभी राहिले. उजवीकडे लॉन होतं. लॉनचे फवारे सुरू झाले आणि त्यातल्या चारांचा पंखा थेट कुंपणावर पडत होता, रोज वीस मिनिटं. दिवसा कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. फवाऱ्यांचे कोन फिरवले, आणि पुढच्या पावसाळ्यात एकच झाड गेलं.

ठिबक असेल तर तोट्या तपासा. शेजारच्या जास्वंदीसाठी ताशी चार लिटरची तोटी असते आणि त्याच नळीवर हे झुडूपही असतं. रोज दोन तास ठिबक चालवलं की त्याला आठ लिटर पाणी मिळतं. जास्वंद खूश, हे गुदमरलेलं. याच्या नावाची तोटी बंद करा किंवा याची ओळ वेगळी करा. एसीचं पाणी, गच्चीचा पावसाचा पाइप, धुण्याच्या जागेतून येणारा ओघळ, हेही एकदा फिरून बघा.

सातवी : खत आणि कात्री

शेणखत, युरिया, १९:१९:१९ चं मिश्र खत या गोष्टी गुलाबाला दिल्या तशा याला दिल्या की लांब, मऊ, हिरव्या फांद्या सुटतात आणि पहिल्या जोरदार पावसात आडव्या होतात. माळरानावरच्या झाडाला माळरानाचंच जेवण मानवतं. जमिनीतल्या झाडाला मी खत देतच नाही. कुंडीतल्याला वर्षातून एकदा, जूनच्या आधी, दोन मुठी जुनं कंपोस्ट पुरतं.

फुलं न येण्याचं कारण बहुतेक वेळा कात्री असते. हे झुडूप नव्या फुटीवर फुलतं, आणि हवेतला दमटपणा वाढला की फुलतं. म्हणून टेक्सासमध्ये त्याला हवेचा दाब सांगणाऱ्या यंत्राचं नाव पडलं आहे. आपल्याकडे वळवाचा पाऊस आणि मृगाचा पाऊस यांच्या दरम्यान ते कळ्यांनी भरतं. नेमकं त्याच सुमारास, पावसाआधी बाग साफ करायची म्हणून, मोठ्या कात्रीने त्याचा चौकोनी डबा केला जातो. सगळी नवी फूट कचऱ्यात जाते. शिवाय सारखं वरून कातरलं की बाहेर पानांचं जाड कवच होतं, आत ऊन-वारा शिरत नाही आणि आतली पानं पिवळी होऊन गळतात.

छाटणी फेब्रुवारीअखेर ते मार्च. सिकेटरने, म्हणजे एका हाताने चालवायच्या छाटणीच्या कात्रीने, एकेक जुनी फांदी आतून, फाट्यापाशी काढायची, एका वर्षात एक तृतीयांशाहून जास्त नाही. पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापलं तर तिथून फूट येईलच असं नाही. भर पावसात कात्री लावू नका, कापलेली जागा वाळत नाही.

किडीचं इथेच उरकते, कारण या झुडपावर ती क्वचितच मुख्य कारण असते. मिलीबग थोडा असेल तर जुन्या टूथब्रशला साबणाचं पातळ पाणी लावून घासा, जास्त असेल तर ती फांदीच काढा. मेच्या धुळीत लाल कोळी येतो, पान मळकट पिवळं होतं आणि बारीक जाळी दिसते. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीनदा मारला की तो आटोक्यात येतो. दुपारपर्यंत पानं सुकायला हवीत. निंबोळी तेलाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या लवदार पानांवर तेल चिकटून बसतं, लव आडवी होते आणि डाग पडतात ते पान गळेपर्यंत राहतात. आधी एका फांदीवर मारून आठवडाभर बघा, मगच ठरवा.

आठवी : जमिनीचा निचरा मोजा

वरच्या सगळ्या गोष्टी ठीक निघाल्या आणि झाड जमिनीत असेल, तर आता कुदळ काढायची. झाडापासून दोन-तीन फूट लांब, एक फूट लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा घ्या. पाण्याने भरा, जिरू द्या. पुन्हा भरा आणि पट्टी उभी धरून तासाभरात पाणी किती उतरतं ते बघा. दोन-तीन इंच उतरलं तर निचरा चांगला. एक इंचाहून कमी, तर हे झुडूप त्या जमिनीत तसंच्या तसं टिकणार नाही. मग त्यावर औषधं ओतण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा खड्डा भरून जिरवायचा तो यासाठी, की कोरडी माती सुरुवातीला पाणी भसाभसा पिते आणि आकडा खोटा येतो.

देशावरची काळी माती पावसाळ्यात फुगते, पाणी धरून बसते. उन्हाळ्यात भेगा पडतात. तिच्यात दोन घमेली वाळू मिसळून काही साधत नाही, उलट सुकल्यावर ती विटेसारखी कडक होते. खोल खड्डा करून त्यात चांगली माती भरली, तर तो खड्डा पावसात हौद होतो. उपाय खाली खणण्यात नाही, वर उचलण्यात आहे: फूट-दीड फूट उंचीचा वरंबा किंवा दगडांनी बांधलेला उंचवटा करून झाड त्याच्यावर लावायचं. काळी माती बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्त असते, त्यामुळे वर चुना घालू नका. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, तिथे मात्र माती तपासून घेऊन शेतीचा चुना मिसळावा. आणि कोकणातल्या पावसात हे झाड जमिनीत लावण्यापेक्षा मोठ्या कुंडीत, पागोळ्यांपासून लांब ठेवलेलं बरं.

नववी : हुंडी उघडून बघणं

हे शेवटचं आणि कष्टाचं. हुंडी म्हणजे मुळांसकटचा मातीचा गोळा. सुरू करण्याआधी जिवंत फांद्यांच्या अर्धवट पिकलेल्या शेंड्यांचे चार-पाच इंचांचे आठ-दहा तुकडे वाळूसारख्या भुसभुशीत मिश्रणात लावून ठेवा. झाड गेलं तरी वाण राहतो. त्यांच्यावर पिशवी बांधू नका, लवदार पानं दमट हवेत सडतात.

तीन-चार दिवसांची उघडीप बघून झाड हुंडीसकट काढा. आधी वास घ्या. निरोगी मातीला पहिल्या पावसाचा वास असतो, कुजलेलीला तुंबलेल्या गटाराचा. मग पेन्सिलीहून बारीक मुळं धुऊन बोटांत धरा आणि हलकेच ओढा. चांगलं मूळ पांढरट किंवा फिकट पिवळं, ताठ असतं आणि तुटताना कट्‌ आवाज येतो. कुजलेल्या मुळाची साल म्यानासारखी घसरून चिमटीत येते आणि मागे ओला, दोऱ्यासारखा गाभा लोंबत राहतो. एकदा हाताला ते कळलं की विसरत नाही.

बरेचदा आणखी एक गोष्ट दिसते. मूळचा चिकणमातीचा गोळा जसाच्या तसा. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत येणारी बरीच झाडं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियम भागातून येतात. शेकडो किलोमीटरच्या ट्रकच्या प्रवासात हुंडी फुटू नये म्हणून माती चिकटच लागते, त्यात त्यांची काही चूक नाही. चूक पुढे आपल्याकडे होते. पिशवी फाडून तो गोळा आपण तसाच भुसभुशीत मिश्रणात बसवतो. मग उन्हाळ्यात पाणी गोळ्याच्या बाजूने निसटून जातं आणि तो कोरडा राहतो, पावसाळ्यात एकदा भिजला की महिनाभर सुकत नाही. मुळं गोळ्याबाहेर यायचं टाळतात. दोन वर्षांपूर्वी लावलेलं झाड काढलं तर गोळ्यावर पिशवीच्या घड्या उमटलेल्या मला दिसल्या आहेत.

गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवा, बोटांनी हळूहळू निम्मीअधिक चिकणमाती सोडवा. कुजलेली मुळं निरोगी भागापर्यंत कापा, प्रत्येक वेळी कात्री स्पिरिटने पुसा. वरच्या फांद्याही तृतीयांशाने कमी करा, कारण उरलेल्या मुळांना तेवढाच भार झेपतो. भर पावसात कात्री नको म्हणाले, त्याला हा एक अपवाद, कारण इथे थांबायला वेळ नसतो. मिश्रण: दोन घमेली चाळलेला मुरूम, एक घमेलं माती, अर्धं घमेलं जुनं कंपोस्ट. मूळ जितकं खोल होतं त्याच्यापेक्षा बोटभर वरच लावा. एकदा पाणी देऊन माती बसवा, मग काडी कोरडी येईपर्यंत थांबा. आठ-दहा दिवस सकाळचं ऊन, नंतर पूर्ण. पुढचे पंधरा दिवस पानं गळतील, तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका. दीड-दोन महिन्यांत फाट्यांपाशी मोहरीएवढे पांढरे लवदार कोंब दिसले की जमलं.

ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिश्रणात घालायला माझी हरकत नाही, ते नव्या मुळांना राखतं. कुजलेली मुळं ते जिवंत करत नाही, आणि निचरा न सुधारता कुठलंही औषध ओतणं म्हणजे पैसे गटारात ओतणं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

निचरा चांगला, पाणी बेताचं, तरीही ओळीतली झाडं एकापाठोपाठ एक जात असतील, तर मातीत बुरशी पसरलेली असू शकते. कुठली, ते डोळ्यांनी कळत नाही, आणि एका बुरशीवरचं औषध दुसरीवर चालत नाही. घरी दोन-तीन बुरशीनाशकं एकत्र करून ओतू नका. आपल्या जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयातला वनस्पती रोगशास्त्र विभाग गाठा.

भर मेमध्ये, पाणी बंद असताना, आठ दिवसांनीही काडी ओलीच येत असेल तर खाली पाइप गळतो आहे. तिथे प्लंबर हवा. गच्चीतल्या बांधीव वाफ्यातून पाणी उतरत नसेल आणि खालच्या छताला ओल आली असेल, तर छिन्नी हातात घेऊ नका. वाफ्याच्या तळाचा वॉटरप्रूफिंगचा थर एकदा फुटला की झाडाचा प्रश्न घराचा होतो, तिथे सिव्हिल इंजिनिअरच बघेल. बुंध्यावर मातीच्या नळ्या दिसल्या, त्या फोडल्यावर आत पांढरी वाळवी दिसली आणि त्या भिंतीकडे जात असतील, तर वाळवीचं काम करणाऱ्या परवानाधारकाला बोलवा.

रोगनिदानासाठी नमुना नेताना पूर्ण वाळलेलं झाड नेऊ नका, त्याच्यावर मागाहून आलेल्या बुरशी वाढलेल्या असतात. अर्धं जिवंत, अर्धं आजारी असं झाड निवडा. मुळं आणि सोबत दोन मुठी माती, न धुता, भोकं पाडलेल्या पिशवीत घ्या. उन्हात गाडीत ठेवू नका, दुसऱ्या दिवसापर्यंत पोचवा. सोबत पूर्ण ओळीचा एक फोटो, पाण्याचं वेळापत्रक, आणि गेल्या महिन्याभरात त्या मातीत कुठलं खत, कुठलं औषध, किती वेळा ओतलं त्याची खरीखुरी यादी द्या. यादीतलं एखादं नाव सांगायचं राहिलं, तर निदान तिथेच चुकतं.